डिझेल गाडीचा गळका इंजेक्टर सील घरी कसा बदलायचा

बॉनेट उघडल्यावर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी डांबरासारखा काळा, चिकट थर दिसतो. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून ‘फस् फस्’ आवाज येतो आणि एसी लावला की आत धुराचा वास सुटतो. ही लक्षणं सांगून गॅरेजमध्ये विचारलं की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘चालतेय तोवर चालवा’. दुसरं, ‘चारही इंजेक्टर बदलून टाका’. खरं तर पुष्कळदा दोष असतो इंजेक्टरखालच्या तांब्याच्या एका छोट्या वॉशरचा, म्हणजेच सीलचा. तो किरकोळ किमतीत मिळतो आणि थोडी हातोटी असलेल्या माणसाला घरी बदलता येतो.

मी हे काम माझ्या १.३ लिटर डिझेलवर केलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मांझा, पुंटो या सगळ्या गाड्यांत हेच १२४८ सीसीचं इंजिन आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आज आपल्याकडे गोव्यात, डिचोली-फोंडा-पेडण्यात फिरणाऱ्या या गाड्या आता चांगल्याच जुन्या झाल्या आहेत आणि वॉशर दबण्या-जळण्याचं त्यांचं वय झालंय. तुमचं इंजिन वेगळं असेल तर बोल्ट आणि मापं बदलतील. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाने डिझेल मिळतं ते) असेल तर कामाची पद्धत हीच.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. वॉशर बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाकी सगळा वेळ जातो तो साफसफाईत, आणि काम टिकणार की महिन्याभरात परत गळणार हे तिथेच ठरतं.

१. नेमकं काय गळतंय ते आधी ओळखा

‘इंजेक्टर गळतोय’ या एका वाक्यात चार वेगवेगळे दोष लपलेले असतात.

तांब्याचा वॉशर गेला असेल तर खालून डिझेल येत नाही, सिलिंडरमधला जळलेला वायू वर येतो. म्हणून तिथे ओल नसते. काळा थर, आवाज आणि धुराचा वास असतो. खात्री करायची तर इंजिन थंड असताना स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी इंजेक्टरच्या बुडाशी थोडं मारा, हात बाजूला घ्या आणि मग गाडी सुरू करायला सांगा. जिथे बुडबुडे उठतील तो इंजेक्टर. वायरच्या सॉकेटवर पाणी उडवू नका.

रिटर्न पाइपची (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली असेल तर इंजेक्टरच्या डोक्यावर ताजं डिझेल दिसतं आणि तेवढा भाग धुतल्यासारखा स्वच्छ असतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, कारण लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हे काम सगळ्यात सोपं. इंजेक्टर काढावाच लागत नाही, क्लिप काढून ओ-रिंग बदलली की झालं.

हाय प्रेशर पाइपच्या नटापाशी ओल असेल तर गाडी तिथेच बंद करा. हा दोष धोक्याचा आहे.

इंजेक्टर टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) खाली जातो त्या कडेला काळपट तेल दिसत असेल तर ते डिझेल नसून इंजिन ऑइल आहे, आणि बाहेरची रबरी सील बदलायची आहे. बोटांत चोळून वास घेतला की फरक कळतो. हे सगळं इंजिन बंद असतानाच.

आणखी एक: डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर सीलच्या नादी लागू नका. इंजेक्टर आतूनच गळत असण्याची शक्यता आहे. तो काढून टेस्ट बेंचवर तपासून घ्यावा लागेल.

२. हे काम घरी करायचं की नाही?

गाडी वॉरंटीत असेल तर नको. काळा थर इतका चढलाय की इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्टच दिसत नाही, अशी अवस्था असेल तरीही पहिल्याच खेपेला नको. तो बोल्ट हेडमध्ये (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागात) तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत प्रकरण जातं. समुद्राच्या बाजूला, म्हणजे कळंगूट, मांद्रे, बाणावली भागात राहत असाल तर खाऱ्या हवेने बोल्ट जास्त गंजलेले असतात हे धरून चाला.

पण ‘फस् फस्’ नुकतंच सुरू झालंय, थर पातळ आहे, अशा वेळी मात्र थांबू नका. गळणारा वायू गरम असतो, तो वॉशरखालची हेडची बैठक हळूहळू खात जातो. एकदा तिथे खड्डा पडला की नवा वॉशरही धरत नाही. ‘चालतेय तोवर चालवा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

३. लागणारं सामान

कागदात एकच गोष्ट हवी: आरसी. त्यावरचा चॅसिस नंबर दाखवूनच पार्ट घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे इंजेक्टर बदललेले असतात. त्याशिवाय तुमच्या इंजिनचं वर्कशॉप मॅन्युअल किंवा निदान त्यातलं टॉर्कचं (कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं) पान मिळवा. अंदाजपंचे बोल्ट आवळून हे काम होत नाही.

पार्ट:
- तांब्याचे वॉशर (चारही घ्या, बदलायचा एकच असला तरी)
- रिटर्न पाइपच्या ओ-रिंग आणि क्लिपा
- क्लॅम्पचा बोल्ट, मॅन्युअलमध्ये नवा घालायला सांगितला असेल तर
- हाय प्रेशर पाइप. अनेक कंपन्या तो एकदा काढला की नवाच लावायला सांगतात

हत्यारं:
- सॉकेट सेट, रिंग पाने आणि पाइपच्या नटासाठी फ्लेअर नट पाना
- टॉर्क रिंच
- इंजेक्टर सीट कटर, म्हणजे वॉशर टेकतो ती हेडची बैठक साफ करायचं हत्यार (बॉशच्या पुष्कळ इंजेक्टरांना १७ मिलिमीटरचा बसतो, तरी मापून घ्या)
- व्हर्निअर
- पितळी तारेचा ब्रश, बारीक टॉर्च, छोटा आरसा
- गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, ग्रीस
- धागे न सुटणारं कापड आणि उघड्या तोंडांना लावायला प्लास्टिकच्या टोप्या
- चष्मा, नायट्राइलचे हातमोजे
- बारीक नळी लावलेला व्हॅक्युम क्लीनर
- आग विझवायचं सिलिंडर, नसेल तर रेतीची बादली

सीट कटर विकत घ्यायची गरज नाही. साखळी, डिचोली, उसगाव या खाणपट्ट्यात ट्रकांमुळे डिझेल पंप आणि नोझलचं (इंजेक्टरच्या फवारणाऱ्या टोकाचं) काम जाणणारी माणसं आहेत, ओळखीने एक दिवसासाठी मिळू शकतो. तिथेच एखाद्या जाणत्या मेस्त्रीशी बोलून ठेवा, म्हणजे अडलात तर फोन करता येईल.

४. वार, वेळ आणि जागा

रविवारी सुरू करू नका. इंजिन उघडं पडल्यावर एखादी ओ-रिंग कमी आहे असं लक्षात येतं आणि सगळी दुकानं बंद असतात. आपल्याकडे दुपारी एकनंतर शटर खाली येतं आणि संध्याकाळीच वर जातं, हेही गणितात धरा. सकाळी लवकर लागलात तर बरं.

पावसाळ्यात पत्र्याखाली किंवा पोर्चमध्येच करा. उघड्यावर एक सर आली आणि इंजेक्टरच्या भोकात पाणी गेलं तर त्यापुढे गळका सील काहीच नाही. उन्हाळ्यात त्रास तांबड्या धुळीचा. अंगण आधी पाणी मारून बसवून घ्या आणि वारा सुटला असेल तर काम पुढे ढकला. कॉमन रेलच्या नोझलची भोकं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा कण तिथे अडकतो.

अंगणात संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागत असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि गाडी लांब लावा. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते) किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. मे महिन्यात आपली हवाच त्याच्या आसपास पोहोचते, गरम इंजिनचं तर विचारूच नका.

५. प्रेशर उतरू द्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळायचा नाही. या इंजिनात रेलमधलं प्रेशर १६०० बारपर्यंत जातं. एवढ्या दाबाने सुटलेली डिझेलची धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फार नाही, आणि आत मात्र बोट सडायला लागतं. असं कधी झालंच तर हळद लावून घरी बसू नका. तासाभराचाही उशीर महागात पडतो. सरळ बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा किंवा १०८ ला फोन करा, आणि ‘हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

म्हणून: इंजिन चालू असताना कुठलाही पाइप ढिला करायचा नाही, गळती हाताने चाचपायची नाही, इंजेक्टरचं सॉकेट उपसायचं नाही (तिथे बॅटरीच्या १२ व्होल्टपेक्षा पुष्कळ जास्त व्होल्टेज असतं). इंजिन बंद करा, चावी काढा, निदान अर्धा तास थांबा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. इंजिन पूर्ण गार झालेलं असेल तर उत्तम.

६. उघडण्याआधी धुऊन-पुसून घ्या

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढल्यावर हात लगेच पान्याकडे जातो. तो आवरा. आधी व्हॅक्युमने सुटी माती ओढून घ्या, मग ब्रेक क्लीनर आणि ब्रशने पाइपचे नट, इंजेक्टरचं डोकं, भोवतालचा खळगा साफ करा. प्रेशर वॉशर वापरू नका, पाणी वायरिंगमध्ये शिरतं.

काळ्या थरावर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. रात्रभरात तो मऊ होतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून निघतो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने टोकरू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे.

आता मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठली क्लिप कुठल्या दिशेला होती हे तीन तासांनी आठवत नाही.

७. पाइप सोडवणं

इंजेक्टरचं सॉकेट काढा, रिटर्न पाइपची क्लिप उचलून पाइप सरळ वर ओढा. हाय प्रेशर पाइपचा नट सोडवताना दोन पाने लावा: इंजेक्टरचा षटकोनी भाग एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर नटाबरोबर इंजेक्टरचा वरचा भागही फिरतो आणि नवीनच गळती तयार होते. तोंडाभोवती कापड गुंडाळून नट पहिल्यांदा अगदी थोडा ढिला करा, उरलंसुरलं डिझेल पाझरू द्या.

पाइप निघाला की त्याच क्षणी चारही तोंडांना टोप्या. रेलकडचं, इंजेक्टरकडचं आणि पाइपची दोन्ही टोकं. ‘दोन मिनिटांत परत लावतोच आहे’ म्हणून उघडं ठेवलेलं तोंड हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा आहे.

८. इंजेक्टर बाहेर काढणं

क्लॅम्पचा बोल्ट सोडवा. इंजेक्टरला पान्याने डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवा, एकेक मिलिमीटर. अडला तर परत स्प्रे मारा आणि चहा घेऊन या. घाई करून काही मिळत नाही. पहार किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. टॅपेट कव्हर फुटतं, नाहीतर इंजेक्टर वाकतो. तरी नाहीच निघाला तर स्लाइड हॅमर असलेल्या मेस्त्रीला बोलवा. इथे हार मानण्यात काही कमीपणा नाही.

एकापेक्षा जास्त काढत असाल तर प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहा. बऱ्याच इंजेक्टरांच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो आणि तो ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) त्या-त्या सिलिंडरच्या नावावर नोंदलेला असतो. अदलाबदल झाली तर इंजिन खडखडतं.

कोरडे, न गळणारे इंजेक्टरही या निमित्ताने काढावेत का? माझं मत नाही. प्रत्येक उघडलेला पाइप म्हणजे घाण आत जायची नवी वाट.

९. जुना वॉशर आणि बैठक

इथे सावकाश.

आधी बघा वॉशर इंजेक्टरच्या टोकाबरोबर बाहेर आला का. नसेल तर तो खाली भोकातच चिकटलेला आहे. टॉर्च आणि आरशाने बघून वाकवलेल्या तारेने तो काढा. जुन्यावर नवा वॉशर बसला तर नोझल वर उचलली जाते, स्प्रे चुकीच्या जागी पडतो आणि गळतीही थांबत नाही. ही चूक गॅरेजांतही होते.

निघालेला वॉशर पुसून उजेडात धरा. चांगल्या वॉशरवर एक सलग चकचकीत कडं असतं. गळणाऱ्यावर ते कडं कुठेतरी तुटलेलं दिसतं आणि आतून बाहेर जाणारी काळी रेघ असते. वायू तिथूनच निसटत होता. ती रेघ कुठल्या बाजूला होती ते लक्षात ठेवा, बैठकीचा तोच भाग नीट तपासायचा आहे. नंतर व्हर्निअरने जाडी मोजून नव्याशी जुळवा. दीड, दोन, अडीच मिलिमीटर असे वेगवेगळे वॉशर येतात आणि नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. जुना वॉशर तापवून, घासून परत वापरू नका.

बैठक साफ करण्याआधी तळातल्या छोट्या भोकात कापडाचा ग्रीस लावलेला बोळा घाला. त्याला मजबूत दोरा बांधून दोऱ्याचं टोक बाहेर ठेवा. कटरच्या दातांवरही ग्रीस भरा, म्हणजे सुटलेली काजळी तिथेच चिकटते. कटर सरळ उभा धरून हाताने, वजन न टाकता दोन-चार फेरे फिरवा, काढा, पुसा, नवं ग्रीस, परत. ड्रिल मशीन लावायचं नाही. आपल्याला काजळी काढायची आहे, धातू नाही. सगळीकडे एकसारखी स्वच्छ चकती दिसली की थांबा. ग्रीसमध्ये काळ्याऐवजी चंदेरी कण यायला लागले तर तुम्ही जास्त कापताय.

खड्डा किंवा खोल चर दिसली, आणि साफ करूनही ती राहिली, तर पुढे जाऊ नका. हे हेडचं काम करणाऱ्याकडे जाईल.

शेवटी व्हॅक्युमच्या नळीने भोक ओढून घ्या, बोळा सरळ वर काढा, परत ओढा, आणि ग्रीसचा अंश राहणार नाही असं पुसा. इंजेक्टरची मधली बाजू पितळी ब्रशने साफ चालेल, नोझलच्या टोकाला मात्र ब्रश लावायचा नाही.

१०. परत बसवणं

नवा वॉशर टोकावर कोरडाच चढवा. तो सरळ बसलाय ना ते बघा. इंजेक्टरच्या अंगाला, टोक सोडून, सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात फिरवलात तर पुढच्या वेळी तो सहज निघेल. सरळ खाली सोडा.

आता क्रम महत्त्वाचा. क्लॅम्पचा बोल्ट बोटांनी फिरेल तेवढाच. मग हाय प्रेशर पाइपचे दोन्ही नट बोटांनी. पाइप ओढाताण न होता बसला की आधी क्लॅम्प टॉर्क रिंचने, त्यानंतर पाइप. पाइपच्या नटाला बऱ्याच गाड्यांत २० ते ३० न्यूटन-मीटर लागतं, तरी तुमच्या मॅन्युअलचा आकडा तोच खरा. क्लॅम्पच्या बोल्टला काही इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलेलं असतं. तसा बोल्ट ताणला जातो, म्हणून तो नवाच हवा.

रिटर्न पाइपला नव्या ओ-रिंग, थोडं स्वच्छ डिझेल लावून. क्लिपचा ‘टक्’ आवाज यायला हवा.

११. एअर काढून गाडी सुरू करणं

बॅटरी जोडा. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून दहा सेकंद थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा. मगच स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती.

जुन्या ट्रकांवर हात बसलेले मेस्त्री सांगतील, ‘नट ढिला कर, सेल (स्टार्टर) मार, एअर निघून जाईल.’ जुन्या पंपाच्या डिझेलला ते बरोबर होतं. कॉमन रेलवर हे अजिबात करू नका, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी.

सुरू झाल्यावर इंजिन थोडं अडखळेल आणि मग स्थिरावेल. बॉनेटवर वाकून उभं राहू नका. लांबूनच पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून पाइपजवळ फिरवा, ओल उमटली तर लगेच बंद. काही मिनिटांनी इंजिन बंद करा, परत अर्धा तास थांबा, आणि पांढरा टिश्यू प्रत्येक जोडावर टेकवून बघा. कोरडा राहिला की पुढचं साबणाचं पाणी, पहिल्यासारखंच.

१२. त्यानंतर

पहिली चक्कर जवळचीच मारा. लगेच चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊ नका. परतल्यावर, आणि नंतर आठवडाभराने, बॉनेट उघडून इंजेक्टरचं बूड बघा. खळगा आता स्वच्छ असल्याने थोडी जरी गळती असली तरी काजळीचं बारीक वर्तुळ लगेच उठून दिसतं. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर आधीच बदलून टाका. पुष्कळ दिवस गळणाऱ्या सीलमुळे काही इंजिनांत काजळी ऑइलमध्ये उतरते आणि टर्बोला त्रास देते.

डिझेलने भिजलेली फडकी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि सांडलेल्या डिझेलवर लाकडाचा भुसा किंवा रेती टाकून तीही गोळा करा. पाण्याने धुऊन अंगणात सोडू नका. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून ते झिरपतं, आणि विहीर बहुतेक घरांत तिथेच चार पावलांवर असते. जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारलं तर ते डबाही ठेवून घेतात.